ज्या संकटाला तारीख नसते

२० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियातल्या दोन भागांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या वृत्तवाहिन्या केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावण्यांत पोचल्या. दिवसेंदिवस चालत आलेल्या बाया, त्यांच्या कडेवरची सुकलेली मुलं, रिकामी भांडी घेऊन लागलेल्या रांगा घराघरांत दिसल्या आणि मदतीचा ओघ सुरू झाला. हिशेब नंतर लागला. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात तिथे भुकेने आणि भुकेच्या मागोमाग येणाऱ्या आजारांनी सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त पाच वर्षांखालची मुलं होती. जवळपास निम्मे मृत्यू २० जुलैच्या त्या घोषणेआधीच होऊन गेले होते. धोक्याचे इशारे तर ऑगस्ट २०१० पासूनच दिले जात होते.

असं का झालं, ते दुष्काळ जाहीर करण्याचे निकष पाहिले की कळतं. एखाद्या भागात किमान २० टक्के कुटुंबांकडे खायला जवळपास काही उरलेलं नाही, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित आहेत आणि दर १० हजार लोकांमागे रोज किमान दोन जण भुकेमुळे मरत आहेत, एवढं दिसलं तरच तज्ज्ञ तो शब्द वापरतात. म्हणजे लाखाच्या वस्तीत रोज वीस मृत्यू मोजून झाल्यावर ही घोषणा होते. मदत संस्थांच्या लेखी ती फार उशिराची पायरी आहे. टीव्हीसाठी मात्र बातमी तिथून सुरू होते.

जगातली काही संकटं पडद्यावर दिसतच नाहीत, याचा दोष सहसा प्रेक्षकांच्या माथी मारला जातो. लोकांना पर्वा नाही, लोक चॅनल बदलतात, असं म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं. टीव्हीची बातमी बनते कशी ते पाहिलं, तर संकट प्रेक्षकापर्यंत पोचायच्या आधीच कुठे कुठे गळतं ते दिसतं. गळण्याचं सर्वांत मोठं कारण साधं आहे. टीव्हीच्या बातमीला तारीख लागते आणि सावकाश मारणाऱ्या संकटांना ती नसते.

बुलेटिनमध्ये जागा कशी मिळते

सकाळच्या मीटिंगमध्ये कुणाला कुठल्या बातमीवर पाठवायचं ते ठरवणाऱ्या असाइनमेंट डेस्कपुढे एकच प्रश्न असतो: आज काय झालं? भूकंप झाला, सरकार पडलं, विमान कोसळलं, ही या प्रश्नाची उत्तरं आहेत. पूर्व काँगोत काल जी अवस्था होती तीच आज आहे, हे उत्तर रनडाउनमध्ये, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांच्या क्रमवारीत, बसत नाही. अर्ध्या तासाच्या बुलेटिनमधून जाहिराती वजा केल्या की बावीस-तेवीस मिनिटं हातात राहतात. त्यात देशातलं राजकारण, गुन्हे, खेळ, हवामान सगळं कोंबायचं असतं. चोवीस तासांच्या वाहिनीकडे वेळ भरपूर असतो, पण तो भरण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे स्टुडिओत चार माणसं बसवणं. दूरच्या देशात टीम पाठवणं हा सर्वांत महाग मार्ग.

दुसरी गोष्ट दृश्यांची. बहुतेक वाहिन्यांचे परदेशात स्वतःचे वार्ताहर नाहीत, किंवा होते ते खर्च कपातीत गेले. त्यांची दृश्यं रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस, एएफपी अशा मोजक्या वृत्तसंस्थांच्या फीडवर, म्हणजे त्या सगळ्यांना पुरवतात त्या चित्रणावर, येतात. युरोपातल्या सरकारी आणि सार्वजनिक वाहिन्या आपसात फीड वाटून घेतात तेवढंच. या तीन-चार नळांतून जे आलं नाही ते जगातल्या शेकडो वाहिन्यांकडे एकाच वेळी नसतं. मग अँकर वीस सेकंदांत बातमी वाचतो, मागे एक नकाशा असतो आणि लगेच पुढची बातमी येते. दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवता येईल अशी एक क्लिप असलेला रस्ता अपघात अशा वेळी हजारो मृत्यूंना मागे टाकून पुढे जातो.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही, ते मोजलेलं आहे. थॉमस आयझेन्झे आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या अर्थतज्ज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे ५ हजार नैसर्गिक आपत्ती, अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्या आणि अमेरिकी सरकारने दिलेली मदत हे सगळं एकत्र तपासलं आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता असते, तेवढीच शक्यता अन्नटंचाईच्या वाट्याला यायला सुमारे ४० हजार माणसं मरावी लागतात. ज्वालामुखीला दिवस असतो, वेळ असते, लाल रंग असतो. अन्नटंचाईत दाखवण्यासारखं काही घडतच नाही, फक्त घरातलं धान्य थोडं थोडं कमी होत जातं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. एखादी आपत्ती ऑलिंपिक चालू असताना आली, तर मदत मिळण्याची नेहमीइतकी शक्यता राहण्यासाठी तिच्यात तिप्पट बळी जावे लागतात. आपत्ती तीच, गरज तीच, फक्त त्या आठवड्यात टीव्हीवर शर्यती चालू होत्या, आणि त्याचा परिणाम थेट सरकारी मदतीच्या निर्णयावर झाला. बातम्यांच्या गर्दीचा मदतीशी संबंध आहे का, या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं.

तिसरी गोष्ट: त्यात आपलं कोण आहे? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. त्या किनाऱ्यांवर सुट्टीसाठी आलेले युरोपीय पर्यटक होते आणि त्यांच्या हातात व्हिडिओ कॅमेरे होते. लाट येतानाची दृश्यं त्यांनीच टिपली. लोकांनी इतके पैसे दिले की जानेवारी २००५ च्या पहिल्याच आठवड्यात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने जाहीर केलं: त्सुनामीसाठी आता आणखी देणग्या नकोत, आमच्या तिथल्या कामापुरते जमले आहेत. त्याच वेळी काँगोतल्या युद्धाचे परिणाम भोगत माणसं मरत होती. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने तिथे १९९८ ते २००७ या काळात ५४ लाख अतिरिक्त मृत्यू, म्हणजे युद्ध नसतं तर झाले नसते असे मृत्यू, झाल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर पुढे संशोधकांत वाद झाला, पण बहुतेक माणसं गोळीने न मरता मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषणाने मेली, ही गोष्ट महत्त्वाची. दवाखाना जळाला, रस्ता बंद झाला, औषध पोचलं नाही आणि तीन आठवड्यांनी कुठल्याशा जंगलात एक मूल तापाने गेलं. कॅमेरा नेमका कुठे लावणार?

जून २०२३ मधला एक आठवडा या बाबतीत पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. १४ जूनला ग्रीसच्या पायलॉसजवळच्या समुद्रात 'आद्रियाना' ही मासेमारीची जुनी बोट बुडाली. तिच्यावर सुमारे ७५० स्थलांतरित कोंबलेले होते, वाचले १०४. चार दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली 'टायटन' ही पाणबुडी बेपत्ता झाली. तिच्यात पाच जण होते. टायटनवर दिवसरात्र बातम्या चालल्या. ते पाच जण श्रीमंत होते हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण माझ्या मते टीव्हीच्या दृष्टीने आणखी मोठं कारण म्हणजे पाणबुडीत ९६ तासांचा ऑक्सिजन होता. म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ लावता येत होतं. शेवट काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. आद्रियानाची बातमी आली तेव्हा बोट बुडून झाली होती आणि बोट तरंगत होती त्या तासांचं थेट दृश्य एकाही वाहिनीकडे नव्हतं.

आत जाऊ न देणं

काही संकटं वाहिन्यांच्या नजरेतून सुटत नाहीत, ती लपवली जातात. १८ जुलै २०१७ रोजी येमेनची राजधानी सनाकडे निघालेलं संयुक्त राष्ट्रांचं विमान येमेनच्या युद्धात लढणाऱ्या सौदी नेतृत्वाखालच्या आघाडीने अडवलं, कारण त्यात बीबीसीचे तीन पत्रकार होते. येमेनच्या हवाई हद्दीचा ताबा त्या आघाडीकडे होता. मदत कर्मचारी चालतील, कॅमेरा चालणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी येमेनमध्ये कॉलराच्या संशयित रुग्णांची संख्या १० लाखांवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धात ३ लाख ७७ हजार मृत्यू झाले आणि त्यातले सुमारे ६० टक्के भूक, आजार, औषधांचा अभाव अशा कारणांनी. बॉम्बस्फोटाची क्लिप तरी येमेनी लोकांच्या मोबाइलवरून बाहेर येत होती, या साठ टक्क्यांची तीही येत नव्हती.

इथिओपियातल्या टिग्रेचा प्रकार आणखी कडेकोट होता. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथले सत्ताधारी आणि केंद्र सरकार यांच्यात लढाई सुरू झाली आणि सरकारने फोन, इंटरनेट, बँका सगळं तोडलं. दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२२ ला दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात शांतता करार होईपर्यंत मोठ्या काळासाठी तिथून चित्रच बाहेर आलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस, जे स्वतः टिग्रेचे आहेत, जाहीरपणे म्हणाले की जग काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या जिवाकडे सारखं लक्ष देत नाही. तेव्हा सगळ्या वाहिन्या युक्रेनमध्ये होत्या. युक्रेनला मिळालेलं लक्ष चुकीचं होतं असं त्यांचं म्हणणं नव्हतं, माझंही नाही. पण युक्रेनचं सरकार पत्रकारांना बोलावत होतं आणि सीमेपर्यंत रेल्वे जात होती, इथिओपियाचं सरकार दारं बंद करून बसलं होतं. वंशभेद आणि नाकेबंदी या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या मदतीला आल्या. दार बंद असलं तर ठोठवावं लागतं, आणि आतली माणसं आपली वाटत नसली तर फारसं कुणी ठोठवत नाही.

कॅमेरा पोचतो तेव्हा

समजा सगळं जमलं. टीमला व्हिसा मिळाला, विमा झाला, सुरक्षा सल्लागाराने हिरवा कंदील दिला. पूर्व चाडमधल्या अद्रे या सीमेवरच्या गावी जायचं, जिथे सुदानच्या दारफूर भागातून पळालेले लाखो लोक आले. चाडची राजधानी एन्जामेनापर्यंत प्रवासी विमान, तिथून पूर्वेला मदत संस्थांसाठी चालणारं छोटं विमान, पुढे धुळीचा रस्ता. विमानातली जागा, जीप, राहायचा तंबू, दुभाष्या यातलं बरंचसं एखाद्या मदत संस्थेच्या ओळखीने मिळतं. त्यामुळे टीम पोचते तीही बहुधा त्या संस्थेच्या कुपोषण उपचार केंद्रात. जगभरचे असे रिपोर्ट एकसारखे दिसतात त्याचं कारण हे.

तिथे नर्सच्या हातात कागदी मोजपट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची. हिरवा रंग दिसला तर ठीक, पिवळा आला तर लक्ष ठेवायचं, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की लाल. लाल म्हणजे अतितीव्र कुपोषण, तातडीने उपचार. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या मनगटापेक्षाही कमी घेर. कॅमेरा त्या पट्टीवर जातो, मग मुलाच्या डोळ्यांवर, मग आईच्या चेहऱ्यावर. हे दृश्य खरं असतं आणि ते दाखवायलाच हवं. पण ज्या मुलाच्या दंडाला ती पट्टी लागली ते मूल केंद्रापर्यंत पोचलेलं असतं. वाटेत अडवलेलं, घरीच गेलेलं मूल या चित्रात कधीच येत नाही.

टीव्हीची ताकद सांगताना १९८४ चा दाखला नेहमी दिला जातो. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर मायकल ब्युर्क यांचा इथिओपियातल्या कोरेमहून पाठवलेला रिपोर्ट लागला, कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा. जगातल्या ४०० हून अधिक वाहिन्यांनी तो दाखवला. त्यातून उभी राहिलेली मदतीची लाट १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीसाठीच्या संगीत मैफलीपर्यंत गेली आणि असंख्य जीव वाचले. याबद्दल कुणाला शंका असू नये. पण त्या रिपोर्टच्या आधी, मार्च १९८४ मध्येच इथिओपियाच्याच मदत आयोगाने जगाकडे धान्य मागितलं होतं, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. सप्टेंबर १९८४ मध्ये इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्तूची राजवट क्रांतीचा दहावा वर्धापनदिन साजरा करत होती आणि उत्तरेतली भूक कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून झटत होती.

त्या रिपोर्टमध्ये भूक बायबलमधल्यासारखी, जणू दैवाने आलेली दिसली. युद्ध जवळपास बाजूलाच राहिलं. टिग्रे आणि तेव्हा इथिओपियातच असलेल्या एरिट्रियात बंडखोरांशी लढताना सरकारी सैन्य बाजार, पिकं आणि रस्ते उद्ध्वस्त करत होतं. नुसता पाऊस न पडल्याने इतकी माणसं मेली नसती. मृतांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. पुढे त्याच राजवटीने उत्तरेतल्या सुमारे ६ लाख लोकांना जबरदस्तीने नैर्ऋत्येला हलवलं, त्यात हजारो मेले. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या फ्रेंच शाखेने त्यावर आवाज उठवला आणि डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आलं. ज्या प्रेक्षकांनी पैसे दिले होते त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत ही बातमी पोचली असेल?

रुवांडाची कहाणी याहून कडवट. एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली, बहुतांश तुत्सी या अल्पसंख्य समाजातली. त्या दिवसांत आफ्रिकेत असलेले पुष्कळसे परदेशी वार्ताहर दक्षिण आफ्रिकेत होते. २६ एप्रिलपासून मंडेलांची निवडणूक सुरू होत होती. प्रत्यक्ष कत्तलीचं चित्रण जवळपास नाहीच. मग जुलैच्या मध्यावर मारेकऱ्यांची, म्हणजे कट्टर हुतूंची राजवट कोसळली आणि काही दिवसांत बहुसंख्य हुतू समाजातले लाखो लोक सीमा ओलांडून काँगोतल्या (तेव्हाचं झाईर) गोमाला आले. तिथे कॉलरा पसरला, काही आठवड्यांत हजारोंच्या संख्येने माणसं मेली. आता मात्र सगळ्या वाहिन्या, सॅटेलाइट डिश, थेट प्रक्षेपण. जगाने रुवांडाचं संकट म्हणून जे पाहिलं ते हे. त्या छावण्यांवर हत्याकांड करणाऱ्यांचाच ताबा होता आणि मदतीचं धान्य त्यांच्याच हातून वाटलं जात होतं, हे कळायला महिने गेले. दृश्य खरं होतं, माणसांचं दुःख खरं होतं आणि गोष्ट तरीही उलटी सांगितली गेली.

चेहरा दाखवायचा की आकडा, हा वाद वाहिन्यांत कायम असतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीची माहिती दिली, दुसऱ्या गटाला आफ्रिकेतल्या भुकेचे आकडे दिले. मुलीसाठी जवळपास दुप्पट पैसे आले. मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तेव्हा देणगी पुन्हा खाली आली. यावरून निर्माते निष्कर्ष काढतात की आकडे काढून टाका, एक मूल दाखवा. मला तो धोकादायक वाटतो. एका मुलामुळे खिसा उघडतो हे खरं, पण शंभराव्या रिपोर्टमध्ये शंभरावं मूल पाहिल्यावर माणूस थकतो, कारण हे का होतंय आणि कोण थांबवू शकतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी १९८९ मध्येच स्वतःसाठी आचारसंहिता केली: असहाय, उघडीवाघडी माणसं दाखवून कणव उकळायची नाही. वाहिन्यांना ती बंधनकारक नव्हती.

तारीख कुठे सापडते

भूक सावकाश येते हे खरं, पण तिच्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय असतात आणि निर्णयांना दिवस असतो. रोहिंग्यांचं पाहा. २५ ऑगस्ट २०१७ नंतर ७ लाखांहून अधिक लोक म्यानमारमधून बांगलादेशात आले, तेव्हा त्या चिखलातल्या रांगा सगळ्या वाहिन्यांवर होत्या. नंतर कॅमेरे गेले. मार्च २०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने पैसे नाहीत म्हणून कॉक्स बाजारच्या छावण्यांतला रेशनचा हिस्सा माणशी महिना १२ डॉलरवरून १० वर आणला, जूनमध्ये ८ वर. ८ डॉलर म्हणजे एका वेळच्या जेवणाला ९ सेंट. या दोन्ही कपातींना तारखा होत्या, पैसे न देणारी सरकारं होती, छावणीत बोलायला तयार असलेली माणसंही होती. ही बातमी रनडाउनमध्ये बसली असती, पण ती 'निधीची बातमी' म्हणून बाजूला पडली.

नॉर्वेजियन रिफ्युजी कौन्सिल दरवर्षी सर्वांत दुर्लक्षित विस्थापन संकटांची यादी काढते. त्यासाठी तीन गोष्टी बघते: मदतीचा पैसा किती आला, माध्यमांनी किती लक्ष दिलं, राजकीय तोडग्यासाठी कुणी काय केलं. २०२४ सालच्या यादीत कॅमेरून पहिला होता. तिथे वायव्य आणि नैर्ऋत्य भागातला इंग्रजी भाषकांचा संघर्ष, उत्तरेत बोको हराम आणि पूर्वेला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातून आलेले निर्वासित, अशी तीन संकटं एकाच देशात आहेत. संयुक्त राष्ट्रांचा आपत्कालीन निधी २००६ पासून वर्षातून दोनदा, ज्या संकटांना कुणी पैसे देत नाही त्यांच्यासाठी वेगळी रक्कम काढतो. कॅमेऱ्याकडे न बघता पैसा वाटण्याची ही चांगली सोय आहे, पण गरजेपुढे ती रक्कम फार लहान पडते.

सुदानचं युद्ध १५ एप्रिल २०२३ ला सुरू झालं. लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात. एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून गेले, जगातलं सर्वांत मोठं विस्थापन. आता या संकटाच्या तारखा बघा. फेब्रुवारी २०२४: देशातल्या बहुतेक भागांत फोन आणि इंटरनेट बंद. त्याच महिन्यात लष्कराच्या सरकारने अद्रेचा सीमानाका मदतीच्या ट्रकना बंद केला. मे २०२४: निमलष्करी दलाने दारफूरमधल्या अल फाशर शहराला वेढा घातला. १ ऑगस्ट २०२४: शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचा तज्ज्ञांचा निर्वाळा. १५ ऑगस्ट: बराच दबाव आल्यावर अद्रे पुन्हा उघडलं. सहा महिने नाका बंद, आणि त्या सहा महिन्यांत छावणी उपाशी. यातला प्रत्येक दिवस ही एक हेडलाइन होती. सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्येच ठराव क्रमांक २४१७ करून उपासमारीचा हत्यार म्हणून वापर करण्याचा तीव्र निषेध केला आहे, त्यामुळे प्रश्न विचारायला कायदेशीर आधारही होता.

बहुतेक वाहिन्यांना जाग आली ती २६ ऑक्टोबर २०२५ ला. दीड वर्षाच्या वेढ्यानंतर अल फाशर पडलं आणि मारेकऱ्यांनी स्वतःच मोबाइलवर काढलेले कत्तलीचे व्हिडिओ बाहेर आले. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांत जमिनीवरचे लालसर डाग दाखवले. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मारले गेल्याच्या वृत्ताने जागतिक आरोग्य संघटना हादरली. आठवडाभर सुदान पहिल्या पानावर, पहिल्या बातमीत. वेढ्यात लोक जनावरांसाठीची पेंड खाऊन राहत होते तेव्हा मात्र त्याची बातमी तुरळकच होती.

तिथे जाता येत नव्हतं, हे वाहिन्यांचं उत्तर बऱ्याच अंशी खरं आहे. पण जिथे जाता येतं तिथल्या बातमीचं काय? सुदानमध्ये युद्धाच्या पहिल्या दिवसांपासून शेजारीपाजारी एकत्र येऊन 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' नावाचे स्वयंसेवकांचे गट चालवतात. जिथे परदेशी संस्था पोचत नाहीत तिथे सामूहिक स्वयंपाकघरांत मोठ्या पातेल्यांत डाळ किंवा लापशी शिजवून वाटतात, जखमींना हलवतात, पाण्याचे पंप चालू ठेवतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक स्थगित केली आणि काही आठवड्यांत त्यांची हजाराहून जास्त स्वयंपाकघरं बंद पडली. तो आदेश वॉशिंग्टनमध्ये निघाला. रोहिंग्यांच्या रेशनचे पैसे ज्यांनी दिले नाहीत ती सरकारं युरोपच्या, आखाताच्या, आशियाच्या राजधान्यांत बसतात. सुदानमधल्या दोन्ही बाजूंना शस्त्रं कुठून येतात याची चर्चा न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत होते. या सगळ्या शहरांत वाहिन्यांचे ब्युरो आहेत, थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन आहेत, रोज पत्रकार परिषदा होतात आणि प्रश्न विचारायला हात वर करणारे वार्ताहर तिथे आधीपासूनच बसलेले आहेत.